उन्हाळ्यात दूध पाजणारी डुकरीण: तिचं खाणं टिकवा, पिल्लं टिकतील



ऊन वाढायला लागलं की वराहपालक सभासदांचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "मादी खातच नाही, काय औषध देऊ?" आणि दुसरा, "पिल्लं यंदा बारीक का राहिली?" हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे, आणि बहुतेक वेळा ते औषधाच्या दुकानात नाही, आपल्या शेडमध्येच आहे.

मेसेज मोठा आहे. आज एकदा पूर्ण वाचा. वेळ नसेल तर शेवटी दिलेलं दिवसाचं वेळापत्रक आधी बघा, पण बाकीचं रात्री निवांत नक्की वाचा.

*१) डुकराला उन्हाचा एवढा त्रास का?*

बैलाला घाम येतो, माणसाला येतो. डुकराच्या अंगावर घामाच्या ग्रंथी जवळजवळ कामाच्या नसतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोनच वाटा: भरभर श्वास घेणं, आणि थंड किंवा ओल्या जागेवर पसरून पडणं. म्हणून डुक्कर चिखलात लोळतं. ती घाणीची आवड नाही, तो त्याचा कूलर आहे. आपण त्याला पक्क्या शेडमध्ये कोंडलं की तो कूलर आपण काढून घेतो. मग बदल्यात काहीतरी देणं आपल्यावर येतं.

त्यात दूध पाजणारी मादी सगळ्यात जास्त तापते. दूध तयार करणं म्हणजे शरीरात भट्टी चालू ठेवणं. तिला १८ ते २२ अंश सेल्सिअस हवा बरी वाटते. शेडमध्ये २५ अंशांच्या वर गेलं की तिचं खाणं हळूहळू कमी व्हायला लागतं. आपल्याकडे अकोला, नागपूर, चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याखाली तर विचारूच नका.

*२) नुकसान कुठे होतं? ते लगेच दिसत नाही*

उन्हात मादी मेली तर सगळ्यांना दिसतं. पण खरं मोठं नुकसान न मेलेल्या मादीत होतं.

खाल्लेलं खाद्य पोटात पचतानाही उष्णता तयार होते. म्हणून गरम झालेली मादी स्वतःला वाचवायला आधी खाणं सोडते. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पिल्लं तर दर तासाला दूध मागतात. मग ती अंगावरची चरबी आणि मांस झिजवून दूध देते. काही दिवस तेही चालतं, नंतर दूध आटतं.

हिशोब करून बघा. पिल्लाचं एक किलो वजन वाढायला साधारण ४ लिटर दूध लागतं. मादीचं दूध रोज फक्त एक लिटर कमी झालं, तर २८ दिवसांत २८ लिटर गेलं. म्हणजे पिल्लं तोडताना त्या वितीचं एकूण वजन सुमारे ७ किलोने कमी. आणि तोडताना बारीक असलेलं पिल्लू विक्रीच्या वजनाला यायलाही जास्त दिवस आणि जास्त खाद्य घेतं.

दुसरं नुकसान त्याच्याही पुढचं. चांगल्या अंगाची मादी पिल्लं तोडल्यावर ५ ते ७ दिवसांत माजावर येते. झिजलेली मादी उशिरा येते, मुका माज दाखवते किंवा येतच नाही. एक माज हुकला की २१ दिवस गेले. रोज दोन-सव्वादोन किलो खाद्य धरलं तरी ४५ किलोच्या आसपास खाद्य नुसतं बसून खाल्लं. पुढच्या वितीत पिल्लांची संख्याही कमी येऊ शकते. म्हणजे मे महिन्यातल्या उन्हाची वसुली दिवाळीपर्यंत चालू राहते.

म्हणून पूर्ण उन्हाळा एकच गोष्ट लक्षात ठेवा: *मादीच्या पोटात रोज किती खाद्य गेलं?* बाकी सगळी कामं, म्हणजे पाणी, पंखा, ड्रिप, छत, ही त्या एका आकड्यासाठी आहेत.

*३) त्रास होतोय हे कसं ओळखायचं?*

दुपारी २ ते ४ च्या दरम्यान शेडमध्ये जा. मादीला उठवू नका. घड्याळ लावून एका मिनिटात तिची कूस किती वेळा वरखाली होते ते मोजा.

• २० ते ३० वेळा: ठीक आहे.
• ४० च्या वर: तिला गरम होतंय, खाली दिलेले उपाय लगेच सुरू करा.
• तोंड उघडून धापा, तोंडातून फेस-लाळ, उठवलं तरी उठत नाही: हा उष्माघात आहे. मुद्दा ९ बघा.

याशिवाय, गव्हाणीत खाद्य उरणं, निपलपाशीच तोंड घालून पडून राहणं, पाणी सांडून त्यात लोळायचा प्रयत्न करणं, पिल्लं सडाला लागली की पोटावर पालथं होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं.

थर्मामीटर घरात असू द्या. डुकराचं अंग साधारण १०१.५ ते १०३ अंश फॅरेनहाइट असतं. दूध पाजणारीचं अर्धा-एक अंश जास्त असू शकतं. १०४ च्या पुढे गेलं की सावध व्हा.

*ताप की ऊन?* ही गल्लत फार होते. शेडमधल्या सगळ्याच माद्या दुपारी धापा टाकतायत आणि रात्री निवळतात, तर ते ऊन. एकच मादी आजारी आहे, पहाटे गारव्यातही अंग गरम आहे, कास लाल-कडक-गरम लागते, योनीतून घाण वास येणारा स्राव आहे, पिल्लं ओरडतायत, तर तो कासदाह किंवा गर्भाशयाचा संसर्ग असू शकतो. तिथे ड्रिप लावून भागणार नाही, त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. आणि उलटंही खरं: उन्हाने तापलेल्या मादीला तापाचं इंजेक्शन देऊन उपयोग होत नाही, कारण तो ताप नाहीच. दूध कमी आलं की मनानेच पान्ह्याचं इंजेक्शन टोचायची सवयही सोडा. ते इंजेक्शन असलेलं दूध उतरवतं, नसलेलं तयार करत नाही.

*४) पहिलं काम: पाणी*

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं. दुधात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाणी कमी पडलं की खाणं कमी, खाणं कमी की दूध कमी.

*निपल तपासा.* लिटरची बाटली निपलखाली धरून निपल दाबा. बाटली अर्ध्या मिनिटात भरली पाहिजे, म्हणजे मिनिटाला २ लिटर. भेटी देताना बऱ्याच शेडमध्ये मिनिटाला अर्धा लिटरच धार दिसते. मालक म्हणतो, "निपल चालू आहे की." चालू आहे, पण ३० लिटर प्यायला त्या मादीला एक तास उभं राहून निपल चोखत बसावं लागेल. उन्हात, आठ-दहा पिल्लं मागे लागलेली असताना, ती बसणार नाही. कचरा अडकलेला असतो किंवा टाकी पुरेशी उंच नसते. जाळी साफ करा. तरीही धार वाढली नाही तर निपलसोबत पाण्याचं कुंड किंवा पसरट घमेलं द्या.

*पाणी हाताला लावून बघा.* दुपारी तीन वाजता निपलमधलं पाणी स्वतःच्या हातावर घ्या. काळी टाकी उन्हात आणि पाइप पत्र्याच्या कडेने गेलेला असेल तर ते पाणी चहासारखं गरम येतं. ते कोण पिणार? टाकीवर सावली करा, टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, पाइप जमिनीत किमान वीतभर गाडा किंवा त्यावर पोती टाका. काहीच जमत नसेल तर दुपारी दोनदा शेवटचा नळ उघडून पाइपमधलं गरम पाणी बादलीत काढून घ्या. ते धुवायला वापरा.

लोडशेडिंगमध्ये पाणी बंद पडू देऊ नका. डुकराला पाणी तुटलं आणि खाद्यात मीठ असलं तर मिठाची विषबाधा होते, फिट येते. पाणी परत आल्यावरही एकदम भरपूर सोडू नका, थोडं थोडं द्या.

*५) दुसरं काम: खाद्य कधी आणि कसं?*

*वेळ बदला.* खाल्ल्यानंतर पुढचे काही तास पचनाची उष्णता अंगात वाढत राहते. सकाळी दहाला भरपेट दिलं तर ती उष्णता आणि बाराचं ऊन एकत्र येतं. म्हणून दिवसाचं मोठं खाद्य पहाटे ५ च्या आत आणि रात्री ८ नंतर. जमलं तर रात्री ११ च्या सुमाराला आणखी एक वाटा. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ गव्हाण स्वच्छ आणि रिकामी. शेडमध्ये रात्री एक दिवा चालू ठेवा, मादी उठून खाते.

*किती द्यायचं?* अंदाज असा: मादीच्या स्वतःसाठी २ किलो, आणि दर पिल्लामागे पाव ते अर्धा किलो. आठ पिल्लं असतील तर ४ ते ६ किलो. वीत झाल्यावर पहिल्याच दिवशी एवढं देऊ नका. दीड-दोन किलोपासून सुरू करून आठवडाभरात वाढवत न्या.

*ओलं करून द्या.* भरड्यात पाणी कालवून सरसरीत केलं की मादी जास्त खाते, पोटात पाणीही जातं. पण कालवलेलं खाद्य उन्हात तास-दोन तासांत आंबतं. अर्ध्या तासात जे उरेल ते काढून गव्हाण धुवा. कालचं आंबट खाद्य तळाशी आणि वर आजचं ताजं, हे मादीला वासावरून कळतं.

*खाद्यात काय बदलायचं?* कमी घासात जास्त ताकद, हे सूत्र.

• कोंडा आणि भुसा कमी करा. तंतुमय खाद्य पचताना जास्त उष्णता तयार होते. व्यायच्या आधी थोडा कोंडा ठीक आहे, बद्धकोष्ठ होत नाही. दूध पाजताना तो कमी करा.
• खाद्यतेल किलोमागे ३० ग्रॅमपर्यंत मिसळा. तेलातून ताकद मिळते पण उष्णता कमी तयार होते. पहिल्या दिवशी १० ग्रॅम, मग वाढवा. तेल ताजं असावं, भजी तळून काळं झालेलं चालणार नाही.
• "खात नाही म्हणून पेंड वाढवतो" असं करू नका. गरजेपेक्षा जास्त प्रथिनं शरीराला बाहेर टाकावी लागतात, त्यातही उष्णता तयार होते. पेंड मापात ठेवून लायसिन मिसळणं जास्त बरं. प्रमाण आपल्या खाद्याप्रमाणे ठरतं, मिश्रण करण्याआधी आम्हाला विचारा.
• खनिज मिश्रण आणि मीठ नेहमीच्या मापात चालू ठेवा.

*हॉटेलचं उष्टं खाद्य देणाऱ्यांसाठी:* ते नीट उकळून, थंड करून, पहाटे आणि रात्रीच. गरम पातेलं तसंच गव्हाणीत ओतणं म्हणजे आतून-बाहेरून भाजणं. दुपारपर्यंत ठेवलेलं उष्टं आंबतं, मादीला हगवण लागते आणि मग पिल्लांनाही. त्यात डुकराचं मांस किंवा त्याचे अवशेष कधीच असू नयेत, आफ्रिकन स्वाइन फीव्हर त्यातूनही येतो आणि त्याच्यावर औषध नाही.

*६) तिसरं काम: एका खणात दोन हवामान*

इथेच बहुतेक जण अडकतात. मादीला २० अंश बरं वाटतं, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश लागतात. दोघं एकाच खणात. सगळा खण पाण्याने धुऊन गार केला तर मादी सुखावते आणि पिल्लं ओली होऊन गारठतात. दोन दिवसांत हगवण सुरू होते. म्हणून नियम असा: *मादी ओली, पिल्लं कोरडी.*

*पिल्लांचा कोपरा:* खणाच्या एका कडेला, मादीला जाता येणार नाही असा आडवा पाइप किंवा फळी लावून जागा करा. खाली कोरडं गोणपाट. बल्ब मादीच्या डोक्याकडे नको, मागच्या बाजूला लावा. दुपारी शेडच ३५ च्या वर असेल तेव्हा बल्बची गरजच नाही, बंद करा. अनेक ठिकाणी मे महिन्यात भर दुपारी बल्ब चालू दिसतो, तो मादीलाच भाजतो. मात्र पहाटेच्या गारव्यात लहान पिल्लांना तो लागू शकतो. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा: एकमेकांवर चढून ढीग करून बसली तर गारठलीत, लांब लांब पांगून बल्बपासून पळाली तर गरम होतंय, शेजारी शेजारी कुशीवर निवांत झोपली तर बरोबर.

*मादीच्या मानेवर ड्रिप:* आपल्या बहुतेकांच्या शेतात ड्रिपचं जुनं सामान पडलेलं असतं. तेच वापरा. मादीच्या खणावरून चार-पाच फूट उंचीवरून लॅटरल न्या. दर खणात ताशी ४ लिटरचा एक ड्रीपर बसवा. पाणी कानाच्या मागे, मान आणि खांद्यावर पडलं पाहिजे. डोक्यावर नको, कानात पाणी गेलं की मादी बेचैन होते. पाठीवर नको, ते ओघळून कासेपर्यंत आणि पिल्लांपर्यंत जातं.

सतत चालू ठेवू नका. दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. असं का? माठ आठवा. माठातलं पाणी गार होतं ते बाहेरून पाझरलेलं पाणी उडून जातं म्हणून. मादीच्या मानेवरचं पाणीही उडालं पाहिजे, तरच ते उष्णता घेऊन जातं. नुसतं वाहून गेलेलं पाणी चिखल करतं. सकाळी १० ते संध्याकाळी ६ असं आलटून-पालटून चालवलं तर एका मादीला दिवसाला १६ लिटर पाणी लागतं. टायमर असेल तर उत्तम, नसेल तर कॉक हाताने फिरवायची जबाबदारी घरातल्या एकाला द्या. टाकी उंच असेल तर लाइट गेली तरी हे चालतं, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. टाकीनंतर जाळीचा फिल्टर लावायला विसरू नका.

वीत झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस ड्रिप बंद ठेवा. पिल्लं आईला चिकटूनच असतात. त्या काळात दुपारी ओल्या फडक्याने मादीची मान, कान आणि पाय पुसून घ्या, दर अर्ध्या तासाने.

मादी मोकळ्या खणात असेल, क्रेट नसेल, तर पिल्लांच्या कोपऱ्याच्या समोरच्या कोपऱ्यात ड्रीपर लावा. जमिनीचा उतार नालीकडे हवा. मादी दोन दिवसांत ती जागा शोधते आणि दुपारी तिथेच येऊन पडते.

चिखलाचा खड्डा गाभण आणि रिकाम्या माद्यांना चालेल. पिल्लं पीत असताना नको. तोच चिखल सडाला लागतो आणि पिल्लांच्या तोंडात जातो.

*७) वारा आणि छत*

ओल्या मानेवर वारा लागला की परिणाम दुप्पट जाणवतो. फर्राटा पंखा मादीच्या डोक्याच्या बाजूला, उंचीवर लावा. झोत पिल्लांच्या कोपऱ्यावर जाऊ देऊ नका. वायर उघडी नको, जोड पाण्यापासून लांब, आणि लाइन ट्रिप करणारा ब्रेकर बसवलेला असावा. ओल्या फरशीवर शॉक बसला तर मादीही जाते आणि माणूसही.

*कूलर आणि ओले पडदे:* इथे जिल्ह्याप्रमाणे फरक करा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात हवा कोरडी असते. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट किंवा कूलर लावला की चांगला गारवा येतो, फक्त समोरची बाजू उघडी हवी, दमट हवा बाहेर गेली पाहिजे. कोकणात मात्र हवा आधीच ओली असते. तिथे ओल्या पडद्यांनी नुसता घामट दमटपणा वाढतो. पावसाळ्यात माठ गार होत नाही, तसंच. कोकणातल्या सभासदांनी पडदे सोडून द्यावेत, बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि जोराचा पंखा व मानेवर थोडं पाणी यावर भर द्यावा. हाच नियम सगळ्यांसाठी जूनच्या उकाड्यात, पहिल्या पावसानंतर. तेव्हा पारा कमी असतो म्हणून आपण निर्धास्त होतो, पण दमट हवेत मादीला श्वासाने उष्णता टाकणं अवघड जातं. त्यामुळे पाऊस पडला म्हणून पंखे काढून ठेवू नका.

*छत:* पत्रा वरून चुन्याने पांढरा करा, चुन्यात थोडा चिकटवायचा गोंद घातला की तो टिकतो. पत्र्यावर भाताचं तणस, तुराट्या किंवा नारळाच्या झावळ्या टाकून बांधून घ्या. वणव्याची-ठिणगीची भीती असेल तिथे ते ओलं ठेवा. पत्र्याखाली दोन फुटांवर बांबू आणि शेडनेटचं दुसरं छत केलं तरी मोठा फरक पडतो. दुधी-दोडक्याचे वेल चढवणं हा पुढच्या वर्षासाठी चांगला उपाय. खणात थेट ऊन येत असेल तर पश्चिमेकडून शेडनेट लावा. यॉर्कशायरसारख्या पांढऱ्या जातीची कातडी उन्हाने भाजते.

*८) पिल्लांचा भार हलका करा*

• सातव्या ते दहाव्या दिवसापासून पिल्लांच्या कोपऱ्यात थोडं थोडं ताजं पिल्लू-खाद्य आणि पसरट भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा. दूध तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाढतं, पुढे वाढत नाही, पण पिल्लांची भूक वाढतच जाते.
• एकीला बारा आणि शेजारणीला सहा पिल्लं असतील तर पहिला चीक प्यायल्यावर, दोन दिवसांच्या आत, पिल्लं वाटून द्या. नंतर सड ठरलेले असतात, भांडणं होतात.
• मादी फारच झिजली असेल तर चार आठवड्यांनंतर मोठी-ताकदीची पिल्लं आधी तोडा, बारीक पिल्लं आणखी आठवडाभर आईकडे राहू द्या.
• लस, जंतनाशक, वजन, जागा बदलणं, गाडीत चढवणं, सगळं सकाळी ८ च्या आत.

*९) उष्माघात झाला तर*

१. मादीला चालवत नेऊ नका. जिथे आहे तिथेच सावली करा. पिल्लं बाजूला घ्या.
२. साध्या पाण्याने मान, पाय, पोटाखालची फरशी ओली करा. बर्फाचं पाणी एकदम अंगावर ओतू नका, धक्का बसतो.
३. पंखा लावा.
४. पाणी तोंडासमोर ठेवा, जबरदस्तीने पाजू नका, ते फुप्फुसात जातं.
५. पशुवैद्यकांना फोन करा. दर दहा मिनिटांनी ताप बघा. १०३ पर्यंत उतरलं की पाणी टाकणं थांबवा.

१०६ च्या पुढे गेलेली मादी वाचणं अवघड असतं. म्हणून मोजायचं ते दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला नाही.

*१०) पुढच्या उन्हाळ्याचं नियोजन आजच*

डुकरीण ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवसांत, म्हणजे ११४ दिवसांत विते. १५ डिसेंबरला नर दाखवलेली मादी ८ एप्रिलला विते, ३१ जानेवारीला दाखवलेली २५ मे ला. म्हणजे याच दीड महिन्यात भरवलेल्या माद्या ऐन उन्हात दूध पाजतात. छत, पाणी, ड्रिप यांची सोय नसेल तर निदान पहिलारू आणि अशक्त माद्यांना त्या काळात नर दाखवू नका. ज्यांच्याकडे विक्रीची बांधिलकी आहे त्यांनी ताकदीच्या, दोन-तीन वेत झालेल्या माद्याच त्या काळात घ्याव्यात.

नरालाही विसरू नका. मे महिन्यात तापलेल्या नराचं वीर्य पुढचा महिना-दीड महिना कमजोर राहू शकतं. जूनमध्ये माद्या उलटल्या तर दोष फक्त मादीला देऊ नका. नराच्या खणावरही सावली आणि पाणी हवं.

*दिवसाचं वेळापत्रक (भिंतीवर लिहून ठेवा)*

• पहाटे ४:३० ते ५: दिवसाचं पहिलं मोठं खाद्य, ओलं करून
• ५:३०: उरलेलं काढा, गव्हाण धुवा, निपल तपासा
• ८ च्या आत: लस, वजन, साफसफाई उरकलेली
• १०: ड्रिप आणि पंखे सुरू, बल्ब बंद
• १२ आणि ३: पाइपमधलं गरम पाणी काढून टाका
• २ ते ४: प्रत्येक मादीचे श्वास मोजा, वहीत लिहा
• ६: ड्रिप बंद, फरशी कोरडी करा
• ८: दुसरं मोठं खाद्य
• ११: तिसरा वाटा, पिल्लं कशी झोपलीत ते बघून बल्बचं ठरवा

सगळं एकदम जमणार नाही, हे मान्य आहे. पैसे नसतील तर या क्रमाने करा: आधी निपलची धार, मग खाद्याच्या वेळा, मग टाकीवर आणि पत्र्यावर सावली, मग ड्रिप, आणि सगळ्यात शेवटी पंखा-कूलर. पहिल्या दोन कामांना जवळजवळ खर्च नाही, आणि फरक तिथूनच सुरू होतो.

आजचं एकच काम: उद्या दुपारी तीन वाजता लिटरची बाटली घेऊन शेडमध्ये जा. प्रत्येक निपल किती सेकंदांत बाटली भरतं आणि मादी मिनिटाला किती श्वास घेते, हे दोन आकडे या नंबरवर पाठवा. सोबत दूध पाजणाऱ्या माद्यांची आणि पिल्लांची संख्या लिहा. ज्यांचे आकडे वाईट असतील त्यांच्याकडे या आठवड्यात आधी भेट देऊ.

वहीत रोज एक ओळ लिहा: कुठल्या मादीने आज किती किलो खाल्लं. उन्हाळा संपल्यावर ती वहीच सांगेल, कुठली मादी ठेवायची आणि पुढच्या वर्षी शेडमध्ये काय बदलायचं.

कृषी सल्ला विभाग
आपली शेतकरी उत्पादक कंपनी